रस्ता आणि रसद

टेकडी क्रमांक सात मुळात नाहीच, असं मेजरबाई म्हणाल्या तेव्हा वाळूमास्तराच्या तोंडात चहाचा घोट होता, आणि तो गिळावा की परत कपात सोडावा हे त्याला काही केल्या ठरवता येईना. सकाळचे साडेनऊ वाजलेले. युद्धशास्त्र शिकवणाऱ्या त्या संस्थेचा लांबोडका हॉल, मधोमध बारा फूट बाय आठ फुटांचं टेबल, टेबलावर वाळू, वाळूत पत्र्याची निळी नदी, नदीपलीकडे दोन गावं, रेल्वेचा एक फाटा आणि सात टेकड्या. सगळं त्याच्या हातचं. महायुद्धातली नदीपारची मोहीम म्हणतात ती हीच. नव्वद हजार माणसं नदी ओलांडून गेली आणि अकराव्या दिवशी निम्मी परत आली. ती का फसली हे शिकायला दरवर्षी चाळीस अधिकारी या टेबलाभोवती उभे राहत, काठीने वाळूला टोचत आणि परीक्षेत लिहून देत की सातवी टेकडी आधी ताब्यात घेतली असती तर इतिहास बदलला असता. मेजरबाई नव्या होत्या, येऊन तीन आठवडे झालेले. इथल्या रीतीप्रमाणे पहिलं वर्षभर गप्प बसायचं सोडून त्यांनी कुठल्याशा जुन्या संग्रहातून विमानातून काढलेले त्या वेळचे फोटो मागवले होते, आणि आता भिंग घेऊन त्या फोटोकडून टेबलाकडे आणि टेबलाकडून फोटोकडे अशा बघत होत्या, जणू दुकानात बूट घालून बघताना दोन्ही पायांतला डावाच निघाला असावा. "इथे सपाट शेत आहे," त्या म्हणाल्या. "बटाट्याचं असावं. मास्तर, ही टेकडी तुम्ही कशावरून केलीत हो?"

मास्तराने घोट गिळला. कशावरून केली हे त्याच्याइतकं नीट जगात कोणालाच माहीत नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी हे टेबल जुन्या इमारतीतून इकडे आणताना त्याचा एक पाय तडकला, सुताराने खालून वीतभर लांबीचा बोल्ट ठोकला, आणि त्याचं टोक फळीतून दोन बोटं वर आलं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. बोल्ट कापायला करवत नव्हती, करवत आणायला सही नव्हती, सही करणारा रजेवर होता. मास्तराने बोल्टावर प्लास्टर थापलं, त्यावर वाळू, त्यावर हिरवा भुसा, आणि तरीही ते टक्कल पडल्यासारखं दिसायला लागलं म्हणून स्पंजाची नऊ झाडं लावली. सकाळी कर्नलसाहेब आले. मोहिमा शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, कारण ते हात मागे बांधूनच शिकवत. टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून ते त्या बोल्टापाशी थबकले, वाकले, एक डोळा मिटून त्यांनी नदीकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "इतकी वर्षं मला हेच कळत नव्हतं. ही उंची. इथून अख्खं पात्र दिसतं. गाढवांनी ही घेतलीच नाही." मग मास्तराकडे वळून म्हणाले, "शाबास." नोकरी नवी, लग्न नवं, भाड्याची खोली नवी, आणि शाबास हा शब्द तर बापाच्या तोंडूनही कधी न ऐकलेला. तो गप्प बसला. एक अवाक्षरही खोटं न बोलता माणूस केवढं थोरलं खोटं उभं करू शकतो, ते त्याने पुढे बसून बघितलं. कर्नलसाहेबांनी टेकडीवर पुस्तिका लिहिली. तेव्हाच्या एका कॅप्टनने टेकडीवर डॉक्टरेट मिळवली, आणि आज तोच संस्थेचा संचालक होता. एकदा त्या मोहिमेत प्रत्यक्ष लढलेला एक म्हातारा सैनिक पाहुणा म्हणून आला. मास्तराला वाटलं, संपलं आता. म्हातारा टेबलापाशी पुष्कळ वेळ उभा राहिला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बोल्टाकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आठवतं तर. तिथूनच मार बसला आम्हाला."

आणि हे सगळं आजच व्हायचं होतं. आज चार वाजता बायको येणार होती. नऊ वर्षांनी. काल तिचा फोन आला, आवाज तोच, फक्त मध्ये जरा जास्त जागा सोडून बोलणारा: धाकटी बहीण परदेशात राहायला गेली, आता मीही परवा सकाळी तिकडेच निघणार, कायमची, आणि तुझ्याकडे माळ्यावर ती मोठी बॅग आहे ना, ती तुला लागत नसेल तर मला लागेल. तो म्हणाला, लागत नाही. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की या नऊ वर्षांत तिने त्याच्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. त्यांचा घटस्फोट झाला नव्हता, भांडणसुद्धा झालं नव्हतं. ती गेली, एवढंच. जसं दुपारी एखाद्या खोलीतून ऊन जातं आणि नेमकं किती वाजता गेलं ते विचारलं तर घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. पण कारण त्याला माहीत होतं. त्याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तिचे बाबा गेले त्या संध्याकाळी तो हॉस्पिटलमध्ये पोचायला हवा होता सहाला, आणि पोचला पावणेनऊला, कारण दुसऱ्या दिवशी कोणी बडे जनरल टेबल बघायला येणार होते आणि नदीवरचा काड्यापेटीच्या काड्यांचा पूल सारखा पडत होता. तो कॉरिडॉर त्याच्या डोळ्यांसमोर होता: हिरवट भिंत, फिनेलचा वास, बाकावर ती एकटी. त्याला बघून तिने काही म्हटलं नाही. फक्त मान वर करून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्या एका नजरेवर त्याने नऊ वर्षं काढली होती. तीवर प्लास्टर केलं होतं, झाडं लावली होती. दाढी करताना, टेबलावरची वाळू चाळताना, तो तिची माफी मागायचा सराव करायचा, आणि आता त्या माफीतलं वाक्य न् वाक्य घासून इतकं गुळगुळीत झालं होतं की तोंडातून निसटूनच जाईल अशी त्याला भीती वाटे.

साडेअकराला संचालकांनी बोलावलं. मेजरबाई आधीच खुर्चीत होत्या. संचालकांनी दार लावलं, खिडकी लावली, पंखाही बंद केला, जणू टेकडी वाऱ्याने उडून जाईल. "मास्तर, खरं सांगा." मास्तराने सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं आणि ते अवघ्या दोन वाक्यांत संपलं याचंच त्याला वाईट वाटलं. "साहेब, खाली बोल्ट होता. तो झाकला." संचालकांनी स्वतःच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून बघितला, जणू त्याच्याही खाली काही असावं. "बोल्ट कोणी कोणी पाहिलाय?" "सुताराने." "तो कुठे असतो?" "वारला साहेब." "मग झालं तर," संचालकांना जरा धीर आला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. बॉम्बफेकीत टेकडी सपाट झाली असेल, म्हणून फोटोत दिसत नाही." मेजरबाई म्हणाल्या, "फोटो मोहिमेच्या आदल्या दिवशीचा आहे, साहेब." "मग नंतर आली असेल," संचालक म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं. थोड्या वेळाने ते अगदी वेगळ्या, घरगुती आवाजात म्हणाले, "अहो, पण टेकडी काढली तर ती मोहीम फसली कशामुळे? तिला कारणच उरत नाही." मास्तराला एकदम त्यांची दया आली. माणूस डॉक्टरेट सोडील, खुर्ची सोडील, पण कारण सोडायचं म्हणजे फारच झालं. मेजरबाई फोटो पाकिटात घालत होत्या. "खरं सांगू का, साहेब," त्या म्हणाल्या, "दोन महिन्यांनी त्याच नदीवरून, तेवढीच माणसं घेऊन, तशाच चुका करत दुसरी मोहीम गेली आणि जिंकली. जिंकले की त्याच चुकीला आपण धाडस म्हणतो. आपण आधी निकाल बघतो आणि मग मागे जाऊन टेकडी शोधतो. त्यापेक्षा तेव्हाचे रोजचे अहवाल काढून वाचावेत, कोणाला त्या वेळी काय वाटलं होतं ते. कंटाळवाणं काम आहे. पण ते केल्याशिवाय आपण फक्त आपल्याशीच बोलत असतो."

संस्थेपासून घरापर्यंत तो चालत गेला. रस्त्यात एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी पुसत होता, एक बाई कुत्र्याला ओढत होती की कुत्रं बाईला, ते नीट कळत नव्हतं, आणि मास्तराच्या डोक्यात मेजरबाईंचं शेवटचं वाक्य चपलेत शिरलेल्या खड्यासारखं टोचत होतं. बावीस वर्षांत त्याने किती मोहिमा केल्या होत्या. वाळवंटातली, जंगलातली, बर्फातली. बर्फासाठी मीठ आणि बोरिक पावडर, वाळवंटासाठी वाळू तीच, फक्त न भिजवलेली. प्रत्येक मोहिमेला शिकवणारा वेगळा आणि कारण मात्र फिरून फिरून तेच: रसद पोचली नाही. पेट्रोल पोचलं नाही, बूट पोचले नाहीत, दारूगोळा चुकीच्या स्टेशनावर उतरला. एका मोहिमेत तर म्हणे अख्खी मालगाडी भरून नुसते डाव्या हाताचे मोजे गेले होते. त्याला ते ऐकून हसू यायचं आणि त्याच वेळी त्या आघाडीवर उजवा हात काखेत धरून बसलेला कोणीतरी दिसायचा. तो घरी ही गंमत बायकोला सांगायचा. ती जेवता जेवता थांबायची आणि विचारायची, "मग त्याने काय केलं?" याला माहीत नसायचं. शिकवणारे तिथपर्यंत जातच नसत. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर भिंगं लावून, आता बरं दिसतंय का, की मघाचं बरं होतं, असं विचारायची. घरीही तिचं तसंच. प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत थांबायची. आणि हा माणूस उत्तर नसलं की उठून हात धुवायचा. घराची पायरी चढता चढता त्याला जाणवलं की तिने आपल्याला काय काय विचारलं होतं त्याची यादी आपल्याकडे नाही. आपण फक्त तिने घड्याळाकडे बघितलं तेवढंच जपून ठेवलंय.

ती चार वाजून दहा मिनिटांनी आली. टॅक्सी खाली थांबवून आली होती. केस आखूड केलेले, पुढची बट पांढरी, आणि दारात उभी राहून पायपुसणं शोधण्याची सवय तीच. "ये," तो म्हणाला. "आले," ती म्हणाली. मग तिने पडद्याकडे बघितलं. "पडदे तेच?"

"तेच."

"धुतलेस तरी का मधे?"

"दोनदा."

"नऊ वर्षांत."

"त्यातला एकदा तर कोणी येणार नसतानाही."

ती हसली. तिचं हसणं नाकातून सुरू व्हायचं हे तो विसरलाच होता, आणि ते आठवल्यावर त्याला काहीतरी धरावंसं वाटलं म्हणून त्याने खुर्ची धरली. बॅग त्याने सकाळीच माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. तपकिरी, पुठ्ठ्याची, वर रेक्झिन चढवलेली. चहा ठेवला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. सराव केलेली माफी त्याच्या जिभेवर तयार होती, पण ती बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर दुसरंच आलं. "एक विचारू?"

"विचार. पण टॅक्सी थांबलीय, लहानसं विचार."

"तू गेलीस ते त्या संध्याकाळमुळे ना? बाबांच्या. मी उशिरा आलो म्हणून."

ती खरोखरच गोंधळली. ते त्याला स्वच्छ दिसलं. "कुठे उशिरा? अरे, मीच तुला फोन करून सांगितलं ना, की आता धावत येऊन काय होणार, हातातलं संपव आणि सावकाश ये? मग आलास तू. पुढचं सगळं तूच तर केलंस. फॉर्म, सह्या, गाडी. मला त्या रात्री वाटलं होतं, बरं झालं हा आहे."

त्याला फोन आठवेना. मग आठवला. फोन उचललेला हात आठवला, त्या हाताला लागलेला डिंक आठवला. "पण तू घड्याळाकडे बघितलंस," तो म्हणाला.

"बंद होतं ते. मघापासून पाचावरच होतं. मला वाटलं आता तरी हललं असेल."

चहा उतू गेला. त्याने गॅस बंद केला, फडकं घेतलं, पुसायला लागला, आणि पुसता पुसताच, तिच्याकडे पाठ करून विचारलं, "मग का गेलीस?"

"गेले कुठे," ती म्हणाली. "पंधरा दिवसांसाठी गेले होते बहिणीकडे. थकले होते मी. बाबा गेले, तू घुम्यासारखा हिंडायचास, अंथरुणातसुद्धा वाळू. म्हटलं पंधरा दिवस राहू. मधे तू येशील न्यायला. मी जरा ताणून धरीन, बहीण तुला चार शब्द सुनवेल, आणि मग येऊ परत. असं सगळं ठरवलं होतं मी. नवव्या दिवशी टेम्पो आला."

फडकं धरलेला त्याचा हात तिथेच थांबला. टेम्पो. त्या नऊ दिवसांत तो जेवला किती ते आठवत नव्हतं, पण आठव्या दिवशी संस्थेच्या कँटीनमध्ये कर्नलसाहेबांसमोर बसला होता ते लख्ख आठवलं. घरचं बोलायची सोय नव्हती, म्हणून त्याने टेबलाच्याच भाषेत विचारलं होतं, की साहेब, समजा आपली चूक आहे, आणि समोरचा माघार घेऊन निघालाय, तर आपण काय करावं. कर्नलसाहेबांनी बिस्कीट बुडवलं. "पाठलाग करू नये," ते म्हणाले. "माघार घेणाऱ्याला दोनच गोष्टी द्याव्यात. रस्ता आणि रसद. यातच मोठेपणा असतो, मास्तर." बिस्कीट कपात पडलं ते चमच्याने काढत त्यांनी हे सांगितलं आणि मास्तराने ते शिरोधार्य मानलं. रात्रभर बसून त्याने तिचं सामान बांधलं. आयुष्यात कुठलंही काम त्याने इतकं मन लावून केलं नव्हतं. थंडी येणार म्हणून लोकरीचे कपडे वर, शिलाई मशीनच्या सुया वेगळ्या डबीत, काचेच्या बाटल्या रद्दीत गुंडाळून, तिच्या सकाळच्या गोळ्या अगदी हाताशी लागतील अशा. सोबत टाइप केलेली यादी, एक्केचाळीस वस्तू, दोन प्रतींत. बॅग तेवढी ठेवली, कारण ती दोघांची होती. आपण तिला अडवत नाही आहोत, तिला कशाचीही उणीव पडू देत नाही आहोत, याच्यापुढे प्रेम आणखी काय असतं, असं तेव्हा पहाटे त्याला वाटलं होतं, आणि पुढे नऊ वर्षं, सगळं चुकलं तरी हे एक आपण नीट केलं, असंच वाटत आलं होतं. जगातली ही एकच मोहीम असावी, जी रसद वेळेवर पोचल्यामुळे बुडाली.

"अर्धी वापरलेली टूथपेस्टसुद्धा होती," ती म्हणाली. "बहीण म्हणाली, काय व्यवस्थित माणूस आहे बघ, हाकलतानाही यादी देतो."

"मला वाटलं तुला लागेल."

"काय लागेल?"

"सगळंच," तो म्हणाला. "थंडी होती."

ती कळत नाही म्हणून गप्प होती की कळलं म्हणून, हे त्याला फडक्याकडे बघून समजत नव्हतं आणि वळून बघायचा धीर नव्हता. खाली हॉर्न वाजला. चहा राहूनच गेला. तिने बॅगेला हात घातला तसा तो पुढे झाला, "दे, मी नेतो," आणि बॅग उचलून जिना उतरायला लागला. ती मागून. तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर येईपर्यंत त्याला भिंतीचा सोललेला रंग दिसत होता, कठड्याची गार लोखंडी सळी हाताला लागत होती, आणि हळूहळू, जिना उतरणाऱ्या माणसाला जितक्या हळू कळावं तितक्या हळू, कळत होतं की आपण पुन्हा तेच करतोय. पुन्हा सामान पोचवतोय. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने बॅग आडवी टाकली आणि तिच्यावर बसला.

"का रे? थांबलास का?"

"जड आहे."

"रिकामी आहे ती."

"माहीत आहे."

वरच्या पायरीवर ती उभी होती. तिच्या चपलेचा एक अंगठा शिवलेला होता, तेवढं त्याला दिसत होतं. वीस वर्षांचा माणूस हे सहज म्हणून टाकतो, चाळिशीचा रागावून म्हणतो, आणि आपल्या वयाच्या माणसाने हे नेमकं कुठल्या आवाजात म्हणायचं असतं, याचा त्याला अंदाजच नव्हता, म्हणून ते भलत्याच मोठ्याने बाहेर पडलं. "जाऊ नकोस." रिकाम्या जिन्यात ते घुमलं, तळमजल्यापर्यंत गेलं, आणि खालून टॅक्सीवाल्याचा आवाज आला, "मी कुठे जातोय साहेब, मीटर चालू आहे."

ती हसायला लागली. नाकातून सुरू झालं, मग कठडा धरून हसली, मग तशीच पायरीवर बसली. तोही हसला. दुसऱ्या मजल्यावरचं कोणीतरी दार किलकिलं करून, दोन पिकली माणसं जिन्यात बसून हसताहेत असं बघून दार लावून गेलं. मग तिने चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागली. पुसून झाला तरी पुसतच राहिली.

"टेम्पो आला ना," ती चष्म्याकडे बघत म्हणाली, "तो मी वरून खिडकीतून बघितला. आपल्या चौकातलाच टेम्पो, ओळखला मी. मला वाटलं, पुढे ड्रायव्हरशेजारी तू बसला असशील. म्हणून केस विंचरून खाली आले मी. बहीण म्हणाली, इतक्यात नको जाऊस, जरा वाट बघू दे त्याला. मी म्हटलं, पुरे झालं, नऊ दिवस झाले." तिने चष्मा घातला. "ड्रायव्हर म्हणाला, सही करा."

त्याच्याकडे त्या सहीची प्रत होती. नीट, सरळ, खाली तारीख घातलेली सही. ती बघून त्या वेळी त्याला वाटलं होतं, किती शांतपणे केलीय. म्हणजे नकोच आहोत आपण तिला.

"ऊठ," ती म्हणाली. ओरडून नाही, ओढूनही नाही. बॅगेची मूठ धरून ती नुसती उभी राहिली, तो उठेपर्यंत. त्याला उठायला वेळ लागला, गुडघ्यांमुळेही लागला. उठला तेव्हा बॅगेच्या पुठ्ठ्याला त्याच्या वजनाचा चांगला खोल खळगा पडलेला होता. तो खाली बसला, झाकण उघडलं, आतून मुठीने तो खळगा बाहेर दाबायला लागला. एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने आत जात होता. "थांब, होईल," तो म्हणत होता, "एक मिनिट थांब, होतंय," आणि त्याचे हात, ज्यांनी अख्ख्या नद्या आणि डोंगर केले होते, त्यांना ते जमत नव्हतं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "कपडे भरले की निघेल आपोआप."

तिने त्याच्या हाताखालून झाकण लावलं, दोन्ही कड्या अडकवल्या आणि बॅग एका हातात घेऊन खाली उतरून गेली.